ऑपरेशन छातीचं, मग लकव्याच्या कागदावर सही का?

हृदयाच्या किंवा महाधमनीच्या ऑपरेशनसाठी जळगाव-धुळ्याहून नाशिक-मुंबईला पेशंट नेला की संमतिपत्र वाचताना घरचे नेमके इथे अडतात. कारण साधं आहे. मेंदूचं रक्त महाधमनीतूनच, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतूनच जातं.

उतारवयात, त्यातही बिडी-तंबाखू आणि बीपी असेल तर, महाधमनीच्या आतून चुन्यासारखा कडक थर साचतो. ऑपरेशनसाठी महाधमनी बंद करायला क्लॅम्प (चिमटा) लावताना त्याचा कण सुटला की तो वर जाऊन मेंदूतली बारीक रक्तवाहिनी बुजवतो. नुसतं बोटांनी चाचपून हा थर पुरेसा कळत नाही. छाती उघडल्यावर महाधमनीवरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून चांगली जागा शोधलेली बरी. दुसरा धोका हवेच्या बुडबुड्यांचा. त्यासाठी छातीत हवेच्या जागी कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो रक्तात लवकर विरघळतो.

खरी कसोटी महाधमनीच्या कमानीच्या, म्हणजे वरच्या वळणाच्या ऑपरेशनची. डोक्याकडे जाणाऱ्या वाहिन्या तिथूनच फुटतात, म्हणून रक्ताभिसरण काही वेळ थांबवावं लागतं. 37 अंशांना मेंदू जेमतेम 4-5 मिनिटं तग धरतो. 18-20 अंशांपर्यंत थंड केला तर साधारण 25-30 मिनिटं मिळतात. आता बहुतेक ठिकाणी 24-28 अंशांवर थांबून उजव्या काखेतल्या धमनीतून मेंदूला रक्त चालू ठेवतात, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला 10 मिलि.च्या आसपास. कपाळावर दोन्ही बाजूंना मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या पट्ट्या असतात. डावीकडचाच आकडा घसरला, तर उजवीकडचं रक्त तिकडे पुरत नाही असं समजून डाव्या कॅरोटिडमध्येही (मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत) नळी घालावी लागू शकते. पुन्हा गरम करताना घाई नकोच. 37 च्या वर गेलेलं रक्त दुखावलेल्या मेंदूला आणखी मारतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आबा सलाइनची नळी ओढतात, "माले घर जानं शे" म्हणत उठू बघतात. हे वेड नव्हे, डेलिरियम आहे, म्हणजे मेंदूचा तात्पुरता गोंधळ. बहुतेकदा काही दिवसांत उतरतं. चष्मा आणि कानाचं मशीन आयसीयूत द्या, अहिराणीत बोलणारं घरचं माणूस जवळ बसू द्या. दारू रोजची असेल तर ऑपरेशनआधीच सांगा. लाजेपायी हे लपवलं जातं आणि दारू तुटल्याने पेशंट जास्त बिथरतो.

पण तोंड वाकडं झालं, एकच हात उचलेना, शब्द फुटेना, तर त्याला डेलिरियम समजून थांबू नका. त्याच क्षणी सिस्टरला सांगा. मोठ्या ऑपरेशननंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देता येत नाही, पण मोठ्या वाहिनीतली गुठळी कॅथेटरने काढता येऊ शकते, आणि तिथे मिनिटं मोजली जातात.