सरकारच नाही, तर कर्ज कुणाला?

परवा नौपाड्यातल्या काकांनी फोनवर विचारलं, "अगं, जिथं सरकार कुणाचं हेच ठरत नाही, तिथं ती जागतिक बँक कर्ज देते कुणाला? आणि जामीन कोण?" काका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेत, त्यामुळे प्रश्न बरोबर वर्मावर आला. मी जॉर्डनची राजधानी अम्मानला बसून येमेनमधल्या मदत प्रकल्पांचे हिशेब तपासते. म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच लिहिते.

ठाणेकरांचा या बँकेशी संबंध जुना आहे. कुर्ला-ठाणे जादा मार्गिका ज्या मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पात (एमयूटीपी) झाल्या, त्याला 2002 मध्ये तिचंच कर्ज मिळालं. पुनर्वसनाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा, 2006 मध्ये, बँकेने काही हप्ते रोखले आणि इथल्या यंत्रणेला हलावं लागलं. पैसे अडवले की हलेल असं कुणीतरी समोर होतं.

येमेनमध्ये ते नाही. मार्च 2015 मध्ये हूथी बंडखोर आणि आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं सरकार यांच्यातलं युद्ध भडकलं आणि बँकेने काम थांबवलं. पण 2016 मध्ये ती परतली, वेगळ्या वाटेने. परतफेड नसलेलं अनुदान, तेही सरकारच्या हाती न देता यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था) आणि युनिसेफकडे. यूएनडीपीने ते पुढे सोशल फंड फॉर डेव्हलपमेंटसारख्या येमेनी संस्थांना दिलं. हा फंड 1997 चा. गावातला रस्ता, पाण्याची टाकी, मजुरी हे त्याचं काम, आणि युद्धातही तो दोन्ही बाजूंच्या ताब्यातल्या भागांत चालत राहिला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: पगार चालू राहिले म्हणून जाणती माणसं टिकली. मोडलेला पूल पुन्हा बांधता येतो, पांगलेलं कार्यालय पुन्हा उभं करायला पिढी जाते.

अफगाणिस्तानात उलट घडलं. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान आले, बँकेने पैसे थांबवले, आणि तिच्या निधीवर चालणाऱ्या दवाखान्यांतल्या परिचारिकांचे पगार अडकले. डिसेंबरमध्ये 28 कोटी डॉलर युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडे वळवले गेले, पण मधले महिने रुग्णांनी कसे काढायचे?

काका, जामीन कुणीच नाही. त्याऐवजी येमेनमध्ये त्रयस्थ तपासनीस घरोघरी जाऊन पैसे मिळाले का ते विचारतात. तरी अडचणी आहेतच. तिथली मध्यवर्ती बँक 2016 मध्ये दुभंगली, त्यामुळे हूथींच्या सानामध्ये रियालचा (येमेनच्या चलनाचा) एक भाव, सरकारच्या एडनमध्ये दुसरा.

मला सगळ्यात खुपते ती यादी. युनिसेफमार्फत सुमारे 15 लाख कुटुंबांना रोख मदत सुरू झाली, पण नावं युद्धापूर्वीच्या सरकारी यादीतली. त्यानंतर नवऱ्याचं छत्र गेलेल्या, घर सोडून पळालेल्या बाईचं नाव त्यात नाही. नवी नावं घालायला गेलं की दोन्हीकडचे सत्ताधारी आपापली माणसं पुढे करतील, ही भीती खरी आहे. तरीही ती यादी उघडायला हवी, आणि त्यासाठी तपासनिसांवर जास्त खर्च करावा लागला तर तो करावा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.