वाऱ्याची वही: मॉरिशसचा हिवाळा आणि बेटाच्या आडोशाचा वारा

मॉरिशसचा हिवाळा संपत आलाय. मे ते सप्टेंबर आग्नेयेचे व्यापारी वारे इथे जोमात असतात, त्यामुळे शिडाच्या छोट्या होड्या काढणाऱ्यांचा आणि माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्यांचा हाच खरा हंगाम. यंदा मी एकच प्रश्न धरून बसले होते. ॲपवरच्या अंदाजात बेटाच्या आसपास वाऱ्याचे जे बाण दिसतात, त्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फ्लिक आँ फ्लाक ते ल मोर्न या माझ्या पट्ट्यात, प्रत्यक्षात किती वारा मिळेल हे आदल्या रात्री सांगता येईल का? बऱ्यापैकी सांगता येतं, असं आता म्हणते.

आधी बेटाचा आकार डोळ्यासमोर आणा. 20 अंश दक्षिण अक्षांश, लांबी साधारण 65 किलोमीटर, रुंदी 45. मध्ये पठार, 400 ते 600 मीटर उंचीचं. सगळ्यात उंच शिखर 828 मीटर, तेही नैर्ऋत्य कोपऱ्यात. आग्नेयेकडून आलेली हवा पठारावर चढते आणि तिथेच पाणी टाकते. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून गाडीने तासाभरावर असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम 900. महाबळेश्वर आणि वाईच्या जोडीशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथे पर्जन्यछायेला लागूनच समुद्र आहे, आणि पावसासारखीच वाऱ्याचीही छाया त्या पाण्यावर पडते.

ॲपवरचे बाण ज्या संगणकी गणितातून येतात त्या जागतिक हवामान मॉडेलला ही छाया नीट दिसत नाही. फुकट मिळणारा अमेरिकन मॉडेलचा डेटा पाव अंशाच्या चौकटीत येतो, म्हणजे 26-27 किलोमीटरची एक चौकट. अख्खा मॉरिशस अशा पाच-सहा चौकटींत संपतो आणि त्यातला डोंगर सपाट होऊन बसतो. युरोपियन मॉडेल 9 किलोमीटरचं, ते बरंच बरं. पण ल मोर्नचा 556 मीटरचा सुळका त्यातही हरवतोच. म्हणून मी मॉडेलकडून फक्त मोकळ्या समुद्रावरचा वारा घेते, बेटाच्या आग्नेयेला 50 किलोमीटरवरचा. बेट त्याचं काय करतं, तो हिशेब माझा मी करते.

हिशेबाचा गाभा असा. ओढ्यात मोठा धोंडा असला की पाणी बाजूने वळसा घेतं, लहान दगड असला की वरून उडी मारतं. हवेच्या बाबतीत धोंडा मोठा की लहान हे तीन गोष्टींवर ठरतं: डोंगराची उंची, हवेचं स्थैर्य आणि वाऱ्याचा वेग. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात साधारण 2 किलोमीटरवर उष्ण हवेचं झाकण असतं, त्याखालची हवाही वर जायला फारशी राजी नसते. तिथलं नेहमीचं स्थैर्य धरून गणित मांडलं तर 600 मीटरचं पठार ओलांडायला साधारण 13 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) वारा लागतो, 800 मीटरची धार ओलांडायला 17. त्यापेक्षा कमी वारा असेल तर हवा बाजूने जाते. जास्त असेल तर वरून येते.

आता शेजारच्या रियुनियन बेटासाठी हेच गणित करा. तिथलं सगळ्यात उंच शिखर पितों दे नेज, 3,070 मीटर. ओलांडायला 60 नॉटच्या वर वारा हवा, म्हणजे चक्रीवादळ सोडलं तर कधीच नाही. रियुनियनचा पश्चिम किनारा त्यामुळे कायम आडोशाला, आणि दोन्ही बाजूंनी वळसा घेतलेला वारा कोपऱ्यांवर पिसाळलेला. मॉरिशसचा उंबरठा मात्र नेमका व्यापारी वाऱ्याच्या रोजच्या वेगात पडतो. एक दिवस बेट धोंडा असतं, दुसऱ्या दिवशी दगड. मला हे बेट अभ्यासायला आवडतं ते यामुळेच. अवघ्या 5 नॉटच्या फरकाने किनाऱ्याचा स्वभाव बदलतो.

वहीत हे कसं दिसतं? मोकळ्या समुद्रावर 11-12 नॉट असेल तर फ्लिक आँ फ्लाकला सकाळी पाणी तेलासारखं. दुपारी बारानंतर जमीन तापली की पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो, 6 ते 8 नॉट, व्यापारी वाऱ्याच्या बरोबर उलट दिशेने. किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर दोन्ही वारे समोरासमोर येतात आणि मधल्या पट्ट्यात शीड लोंबकळतं. 15-16 नॉटला सगळं बेभरवशाचं, तिथे मी अंदाज करतच नाही. 20 नॉट झाले की खारा वारा विसरा. हवा डोंगरावरून खाली येते आणि खिंडींतून झोत सुटतात. तामारँच्या खाडीत मी हातातल्या वातमापकावर एका मिनिटात 7 वरून 24 नॉट आणि परत 9 असं बघितलंय, आणि त्या मिनिटात दिशा 40 अंशांनी फिरली होती. सरासरी 13 लिहायची आणि तिला काही अर्थ नाही. म्हणून वहीत आता सरासरीचा रकाना लहान ठेवलाय आणि किमान-कमालचे दोन रकाने मोठे.

ल मोर्नचं प्रकरण वेगळं. तो नैर्ऋत्येचा कोपरा आहे, तिथे हवा वळसा घेताना दाटते. हलक्या वाऱ्यातही तिथे मोकळ्या समुद्रापेक्षा 4-5 नॉट जास्त मिळतात, आणि दिशा किनाऱ्याला समांतर. जगभरचे काइटवाले तिथेच का जमतात ते यावरून कळेल.

आडोशाच्या वाऱ्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत लाट उठायला जागाच नसते, त्यामुळे पुळणीवर उभं राहून बघितलं तर सगळं शांत. जसजसं बाहेर जाल तसा वारा वाढतो आणि परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध. कयाक, वल्ह्याची फळी, हवा भरलेले तराफे यांच्यासाठी 20 नॉटचा दिवस पश्चिम किनाऱ्यावर पूर्वेपेक्षा जास्त धोक्याचा. पूर्वेला निदान वारा तुम्हाला किनाऱ्याकडे तरी ढकलतो. आमच्या इथले एक आजोबा आहेत, मूळ घराणं रत्नागिरीकडचं, पाच पिढ्यांपूर्वी इथे आलेलं. क्रिओलमध्ये मराठी शब्द मिसळून बोलतात. मी झाडांच्या फांद्या बघून ब्यूफोर्ट श्रेणी (डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून ठरवलेला वाऱ्याचा जोर) लिहीत होते तेव्हा म्हणाले, "पोरी, माडाकडं नको बघू. ब्रिझाँच्या भायेर बघ." ब्रिझाँ म्हणजे प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. तिच्यापलीकडे पांढरे तुरे विखुरलेले दिसले तर 12-13 नॉट, सगळीकडे दिसले तर 17 च्या वर. तेव्हापासून मी रोज आधी दुर्बिणीने तिथे बघते, मग वातमापक काढते.

आता दाबाचं सूत्र. ज्यांच्याकडे नेट अधूनमधूनच असतं त्यांना हे फार उपयोगी पडेल. मॉरिशसच्या ईशान्येला साधारण 450 किलोमीटरवर सँ ब्रांडाँ नावाची इवलीशी प्रवाळबेटं आहेत आणि तिथे हवामान केंद्र आहे. दक्षिण गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब उजव्या हाताला येतो, आपल्या कोकणाच्या बरोबर उलट. आग्नेय वाऱ्यासाठी उजवा हात म्हणजे ईशान्य. सँ ब्रांडाँ अगदी सोयीच्या जागी बसलंय! मॉरिशसचा समुद्रसपाटीचा दाब वजा सँ ब्रांडाँचा दाब, गुणिले 5, म्हणजे मोकळ्या समुद्रावरचा वारा नॉटमध्ये. फरक 3 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) असेल तर 15 नॉट, 4 असेल तर 20. हा 5 आकाशातून पडलेला नाही. या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम कमी असतो, म्हणून दाबाचा तेवढाच उतार लंडनच्या मानाने दुपटीहून जास्त वारा देतो. पृष्ठभागाशी घर्षणात जाणारा तिसरा हिस्सा वजा केला की 5 च्या जवळपास आकडा येतो. हिवाळाभर हे सूत्र लावून बघितलं. वारा आग्नेयेचा असेल तर दोन-तीन नॉटच्या आत बसतं. वारा उत्तरेकडे फिरला की सोडून द्यायचं.

आणि तो फिरतो. हिवाळ्यात दर आठवड्याला एखादी शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढची कड, दक्षिणेकडून सरकत जाते. आधी व्यापारी वारा पडतो, मग ईशान्य, उत्तर, वायव्य. एखादी पावसाची सर, आणि त्यानंतर नैर्ऋत्य, दक्षिण, शेवटी पुन्हा आग्नेय. घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण फेरी. आघाडीमागून नवा उच्चदाब चढत येतो आणि त्या पहिल्या दोन दिवसांत हंगामातले सगळ्यात जोरदार वारे लागतात. आघाडी येण्याआधी वायव्येचा जो अर्धा दिवस मिळतो, तो पश्चिम किनाऱ्यावर शीड शिकायला सोन्यासारखा: वारा समुद्राकडून, झोत नाहीत, दिशा स्थिर.

लाटांबद्दल यंदा फार काम झालं नाही. एवढंच नोंदवते की नैर्ऋत्य किनाऱ्यावर येणारा लांब स्वेल (दुरून चालत आलेल्या लाटा), दोन लाटांत 14 ते 16 सेकंदांचं अंतर असलेला, इथल्या वाऱ्याचा नसतोच. तो 40 अंश दक्षिणेच्या पलीकडच्या वादळांचा. वारा शून्य असतानाही प्रवाळाच्या कडेवर तो दणकून फुटतो, लगूनमध्ये, म्हणजे कडेच्या आतल्या उथळ पाण्यात, पाणी चढवतो आणि ते पाणी कडेतल्या फटींतून बाहेर पळतं. भरती-ओहोटीचा फरक इथे मीटरभरही नाही, पण फटीतला प्रवाह स्वेलच्या दिवशी वल्ह्यांना दाद देत नाही. पूर्व-आग्नेय बाजूला तर वारा आणि लाट दोन्ही अंगावर. 2020 च्या 25 जुलैला वाकाशिओ हे जहाज पॉइंत द'एस्नीजवळ प्रवाळावर चढलं, 6 ऑगस्टला तेल बाहेर यायला लागलं आणि मग त्याचे दोन तुकडे झाले. हिवाळ्यात या बाजूला रुतलेल्या जहाजावर दिवसरात्र काय आदळत असतं, हे इथली जुलै-ऑगस्टची नोंद वाचली की समजतं.

घरातला वायुभारमापक हा यंदाचा दुसरा आनंद. उष्ण कटिबंधात दाबाला स्वतःची लय असते: सकाळी 10 आणि रात्री 10 ला चढ, पहाटे 4 आणि दुपारी 4 ला उतार, चढ-उतारातला फरक 2 ते 3 हेक्टोपास्कल. सूर्याच्या उष्णतेने वरच्या वातावरणात उठणाऱ्या लाटेचा हा परिणाम. आठवडाभराचा आलेख काढला की त्यावर लहान लहान टेकड्यांची रांग दिसते, दिवसाला दोन. उन्हाळ्यात याचा खरा उपयोग. दुपारी 4 ला पडलेला दाब रात्री 10 ला वर आला नाही, तर नकाशा उघडायचा. इथे 1960 च्या कॅरोल चक्रीवादळात ताशी 256 आणि 1975 च्या झर्व्हेझ चक्रीवादळात ताशी 280 किलोमीटरचे झोत नोंदले गेलेत, त्यामुळे वायुभारमापक ही इथल्या बैठकीच्या खोलीची शोभा नाही.

या बेटाभोवतीच्या वादळांनी शास्त्रालाही बरंच दिलंय. फेब्रुवारी 1845 मध्ये चार्ल्स हेडल नावाचं जहाज मॉरिशसजवळ चक्रीवादळात सापडलं आणि वाऱ्यापुढे पळत राहिलं. पळता पळता ते वादळाच्या केंद्राभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिलं. कलकत्त्यात वादळांचे अभ्यासक हेन्री पिडिंग्टन यांनी त्याची नोंदवही अभ्यासली. वारा वर्तुळात फिरतो याचा याहून जिवंत पुरावा कुठून आणणार? पुढे मॉरिशसमधलेच हवामान अभ्यासक चार्ल्स मेल्ड्रम यांनी जहाजांच्या नोंदी गोळा करून दाखवलं की वारा नुसता गोल फिरत नाही, केंद्राकडे आत खेचला जातो. दोघांचंही साहित्य एकच: खलाशांनी तासातासाला लिहिलेली दिशा, जोर आणि दाब. आपण वहीत लिहितो तेच तीन रकाने.

कोकणातल्या मित्रांसाठी एक नोंद. जून-जुलैमध्ये माझ्या वातमापकावरून जाणारी हवा वायव्येकडे निघते, विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या फिरण्याने उजवीकडे वळते आणि सोमालियाच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्रात शिरते. तिथे साधारण दीड किलोमीटर उंचीवर तिचा जोरदार झोत होतो, जो हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी 1960 च्या दशकात उलगडला. तीच तुमची नैर्ऋत्य मोसमी हवा. म्हणून मॅस्करीन उच्चदाब (दक्षिण हिंदी महासागरावरचा जास्त दाबाचा प्रदेश) बळावला की मोसमी पावसावर नजर ठेवणारे तिकडे कान टवकारतात. मालवणचा माझा आतेभाऊ 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत होडी शाकारून बसतो. या वर्षीपासून आम्ही एकमेकांना रोज संध्याकाळी आपापला आकडा पाठवतो. दोन आकड्यांत कधी सांगड दिसते, कधी अजिबात नाही, कारण वाटेत हजारो किलोमीटरचा समुद्र आणि त्याच्या स्वतःच्या भानगडी आहेत. एका मोसमावरून काही ठरवणार नाही.

पुढचं काम: नोव्हेंबरपासून वारा मंदावेल, खारे आणि मतलई वारे राज्य करतील, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर खारा वारा किती वाजता सुरू होतो याची नोंद करणार आहे. 15-16 नॉटचा तो बेभरवशाचा पट्टाही सोडवायचा आहे. मला वाटतं तिथे उष्ण हवेच्या झाकणाची उंची निर्णायक असावी. ढगांचे माथे कुठे सपाट होतात ते रोज फोटोत टिपायला सुरुवात केली आहे. अंदमान, लक्षद्वीप किंवा मालवणात कुणाकडे चांगला वायुभारमापक असेल तर सकाळी 10 आणि दुपारी 4 चे दाब महिनाभर लिहून पाठवा. तुमच्या आणि माझ्या टेकड्या एका कागदावर काढायच्या आहेत.