वही, पेन आणि परवाना : साताऱ्यातील आमच्या सुरक्षा संस्थेची वाटचाल

पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेले अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्या सातारा जिल्ह्यातले. अशा जिल्ह्यात निवृत्त फौजीला कोणत्या ना कोणत्या गेटवर उभे राहण्याचे काम मिळायला फारसा वेळ लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन 2003 साली मी कोरेगाव तालुक्यातील गावी परतलो आणि पुढच्याच महिन्यात साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतील एका कारखान्याच्या गेटवर रुजू झालो. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची ड्युटी होती. ज्या एजन्सीमार्फत मी लागलो होतो ती कंपनीकडून माझ्या नावावर किती रक्कम घेते आणि त्यातले किती माझ्या हातावर ठेवते, हे आठ महिन्यांत मला एकदाही कळले नाही. पगाराची पावती मिळत नव्हती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नव्हता, आणि साप्ताहिक सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जाई. स्वतःची संस्था काढण्याचा विचार त्या गेटवरच्या रात्रींमध्ये पक्का झाला.

2004 च्या दिवाळीनंतर सात माजी सैनिकांना सोबत घेऊन मी काम सुरू केले. त्या वेळी या धंद्यात उतरण्यासाठी दुकाने व आस्थापना नोंदणी आणि एक रबरी शिक्का एवढ्यावर भागत असे. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 चा स्वतंत्र कायदा होता आणि आजही आहे. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन होतात, रक्षकांची नोंदणी होते आणि त्यांचे वेतन मंडळामार्फत दिले जाते. एजन्सीचे रक्षक या व्यवस्थेबाहेर राहायचे असतील तर कलम 23 खाली सूट घ्यावी लागते, आणि मंडळाच्या रक्षकाला मिळणाऱ्या लाभांपेक्षा एजन्सीच्या रक्षकाचे लाभ एकंदरीत कमी नसतील, तरच ती सूट देता येते. हे मी बऱ्याच उशिरा, एका निवृत्त कामगार अधिकाऱ्यांकडून समजून घेतले. त्यांनी मला त्या कलमाचा मजकूर दोनदा वाचायला लावला आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की रक्षकाला काय मिळते, हाच या कायद्याचा पाया आहे.

पुढे केंद्राचा खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, 2005 आला, ज्याला आमच्या धंद्यात सगळे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पसारा’ म्हणतात. तो 14 मार्च 2006 रोजी अमलात आला. परवान्याशिवाय सुरक्षा सेवा देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 25 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. एका जिल्ह्यासाठी पाच हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत दहा हजार आणि संपूर्ण राज्यासाठी पंचवीस हजार रुपये, असे शुल्क कायद्यातच ठरलेले आहे. आम्ही सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे आणि सोलापूर या पाच जिल्ह्यांसाठी अर्ज केला. शुल्क भरण्याचे काम एका दिवसात झाले, मात्र त्यासोबतची कागदपत्रे, माझी स्वतःची चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण संस्थेशी करार आणि प्रतिज्ञापत्रे यांत कित्येक महिने गेले. त्या दिवसांत मला ही सारी दगदग अनाठायी वाटत होती. आज तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

परवाना मिळण्यापूर्वीच्या काळात एका ओळखीच्या गृहस्थांच्या शब्दावर आम्ही एक माणूस कामावर घेतला होता. त्याची चाल फौजी, बोलणे अदबीचे, आणि डिस्चार्ज बुक (सैन्यातून बाहेर पडताना मिळणारे सेवापुस्तक) ‘गावाला राहिले आहे’ हे त्याचे म्हणणे मी मान्य केले. तीन महिन्यांनी खंडाळ्याजवळच्या एका गोदामातील जनरेटरचे डिझेल नियमितपणे कमी भरू लागले आणि चौकशीत असे निघाले की हा माणूस गैरवर्तनामुळे दलातून काढून टाकलेला होता. गोदाम मालकांचे नुकसान आम्ही पाच हप्त्यांत भरून दिले. सशस्त्र दलातून किंवा पोलीस दलातून गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्या अथवा न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला रक्षक म्हणून नेमता येत नाही, असे पसाराचे कलम 10 सांगते. ही अट वाचताना मला तो चेहरा आठवतो. तेव्हापासून चारित्र्य पडताळणीचा अहवाल हाती आल्याखेरीज आम्ही कोणालाही पॉइंटवर उभे केलेले नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो.

गणवेशाबाबतही आम्हाला बदलावे लागले. सुरुवातीचा आमचा गणवेश खाकी होता, खांद्यावर फीत आणि कमरेला रुंद चामडी पट्टा. लोक रक्षकाला पोलीस समजून वचकून असत आणि ग्राहकांना तेच हवे असे. भूदल, नौदल, वायुदल किंवा पोलीस यांच्यासारखा दिसणारा गणवेश घालणे कलम 21 खाली गुन्हा ठरल्यावर आम्ही फिकट निळा शर्ट आणि राखाडी पँट स्वीकारली, तेव्हा दोन ग्राहकांनी ‘रुबाब गेला’ म्हणून नाराजी कळवली. माझ्या मते हे कलम रक्षकाच्याच हिताचे आहे. अंगावर पोलिसासारखा पोशाख असला की हातूनही पोलिसासारखे काही घडण्याची शक्यता वाढते, आणि कायद्याने रक्षकाला पोलिसाचे कोणतेही अधिकार दिलेले नाहीत. त्याच्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणत्याही नागरिकाप्रमाणे तो त्या माणसाला पकडू शकतो, परंतु त्याला विनाविलंब, आणि 2023 च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावेच लागते. खोलीत कोंडणे, मारहाण करणे, खिसे तपासणे यांपैकी काहीही चालत नाही. हा तास मी प्रत्येक बॅचला स्वतः घेतो.

प्रशिक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेर त्याची कल्पना फार थोड्यांना आहे. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत नव्या रक्षकासाठी किमान 100 तासांचे वर्गातील आणि 60 तासांचे प्रत्यक्ष क्षेत्रावरील प्रशिक्षण, किमान 20 कामकाजी दिवसांत, सांगितले होते. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी तेच 40 आणि 16 तासांवर आणले होते. विषयांमध्ये अग्निशमन, गर्दीचे नियंत्रण, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी, स्फोटक वस्तू ओळखणे, स्वसंरक्षणाचा अधिकार आणि पोलीस ठाण्यात फिर्याद कशी नोंदवावी, इतके सगळे येते. शारीरिक पात्रतेत पुरुषांसाठी 160 आणि स्त्रियांसाठी 150 सेंटिमीटर उंची आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणे, या अटी आहेत. माण-खटावकडची मुले धावण्यात कधी कमी पडत नाहीत. त्यांची अडचण इंग्रजी अक्षरे ओळखण्यात येते, आणि गाडीचा क्रमांक किंवा ओळखपत्र वाचण्यासाठी ती आवश्यकच आहेत. त्यासाठी आम्ही गोडोलीतील भाड्याच्या खोलीत रोज अर्धा तास वेगळा ठेवला. एक 52 वर्षांचे रक्षक महिनाभर आपल्या नातवाच्या अंकलिपीतून अक्षरे गिरवत होते. आज त्यांच्या आवक-जावक रजिस्टरमधील गाड्यांचे क्रमांक इतके सुवाच्य असतात की मी ते रजिस्टर नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो.

याच आदर्श नियमांत गणवेशाचा तपशील देताना शिट्टी, नाडीचे बूट, टोपीवरील संस्थेचे चिन्ह, फार घट्ट अथवा फार सैल नसलेले कपडे यांच्यासोबत एक साधी गोष्ट लिहिलेली आहे : रक्षकाने जवळ एक वही आणि लिहिण्याचे साधन बाळगावे. ते आम्ही अक्षरशः पाळले आणि त्याचा उपयोग एका प्रसंगी फार मोठा झाला. एमआयडीसीतील एका कारखान्यातून तांब्याचे भंगार कमी भरले आणि व्यवस्थापनाने थेट रात्रपाळीच्या रक्षकावर संशय घेतला. मी पहाटे पोहोचलो तेव्हा तो गेटच्या केबिनबाहेर उभा होता, डोळे लाल झालेले, आणि खिशातून काढलेली घडी पडलेली वही त्याने माझ्या हातात दिली. “साहेब, वहीत लिवलंय बघा समदं. येळ बी लिवलीय.” रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी आलेला टेम्पो, त्याचा क्रमांक, गेट पासचा क्रमांक, आणि ‘पासवर वजन नाही, शिफ्टच्या साहेबांनी सोडायला सांगितले’ अशी नोंद, खाली त्याची सही. पुढचा तपास त्या पानावरून सरळ झाला आणि त्या रक्षकावरचा संशय पूर्णपणे दूर झाला. ती वही आजही आमच्या कार्यालयात आहे.

पावसाळ्याबाबत मात्र नियमांच्या पुढे जावे लागते. चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्यांवर केबलचोरीच्या भीतीने रात्रंदिवस माणूस ठेवावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दहा पावलांवरचे दिसत नाही आणि वारा माणसाला उभे राहू देत नाही. तिथे नाडीचे बूट दोन दिवसांत कुजतात. गमबूट, जाड रेनकोट, बंदिस्त केबिन आणि दर दोन तासांनी वॉकीटॉकीवर हजेरी, हा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो. जो ग्राहक तो नाकारतो, त्याचे पठारावरचे काम आम्ही घेत नाही.

आता दराविषयी, कारण या धंद्यातील बहुतेक अनिष्ट गोष्टी दरापासूनच सुरू होतात. एका पॉइंटवर चोवीस तास पहारा हवा असेल तर आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला 21 पाळ्या होतात. एक माणूस आठवड्याला सहाच पाळ्या करू शकतो, म्हणून त्या एका पॉइंटसाठी रिलीव्हर (सुट्टीच्या दिवशीचा बदली रक्षक) धरून साडेतीन माणसे लागतात. त्यांचे किमान मूळ वेतन, दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता, मालकाच्या बाजूचा भविष्य निर्वाह निधी प्रशासकीय खर्च व त्याला जोडलेल्या विम्यासह 13 टक्के, राज्य कामगार विमा 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी आणि गणवेश यांची बेरीज केली की एक आकडा येतो, आणि त्या आकड्याखाली कोणीही प्रामाणिकपणे काम करू शकत नाही. त्याखालचा दर देणारी एजन्सी बारा तासांची ड्युटी लावते, निधी भरत नाही, किंवा दोन्ही करते. चौथा मार्ग मला वीस वर्षांत दिसलेला नाही.

पसारा कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे आणि तिच्यात वेतन प्रदान, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, कंत्राटी कामगार, ग्रॅच्युइटी अशा कामगार कायद्यांची यादी दिलेली आहे. त्यांचा भंग हे परवाना रद्द करण्याचे एक कारण आहे, असे कलम 13 म्हणते. म्हणजे रक्षकाचा पगार बुडवणे हा कामगार कार्यालयापुरता मामला नसून त्यावर परवानाच अवलंबून आहे. निविदा काढणाऱ्या संस्था परवान्याची छायाप्रत मागतात, पण परवाना टिकवायचा तर किमान किती दर द्यावा लागेल हे विचारत नाहीत. सर्वांत कमी दराचे पाकीट उघडून काम देणारा ग्राहक एजन्सीला कायदा मोडायलाच भाग पाडतो, हे मी बैठकांमध्ये स्पष्टपणे बोलत आलो आहे आणि त्यामुळे काही कामे गमावलीही आहेत.

त्यांपैकी एक मनाला लागून राहिले. जिल्ह्यातील एका शिक्षण संस्थेकडे आमचे 18 रक्षक नऊ वर्षे होते. नूतनीकरणाच्या वेळी आमच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराचे कोटेशन आले आणि संस्थेने मला त्याच दरात काम करण्यास सुचवले. मी माझ्या हिशेबाचा कागद समोर ठेवला. तो वाचलाही गेला नाही. काम गेले. आमच्या 18 पैकी 11 जण घराजवळचे काम सुटू नये म्हणून नव्या एजन्सीकडेच राहिले आणि त्यांची ड्युटी बारा तासांची झाली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांतले दोघे सात महिन्यांनी आमच्याकडे परत आले, तेव्हा मधल्या काळात त्यांच्या यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, खात्यात एकही रक्कम जमा झालेली नव्हती.

वस्तू व सेवा कराबाबत एवढेच सांगतो की 1 जानेवारी 2019 पासून आमच्यासारख्या कंपनी नसलेल्या एजन्सीने नोंदणीकृत ग्राहकाला दिलेल्या सुरक्षा सेवेवरील 18 टक्के कर ग्राहकानेच भरायचा आहे. त्यापूर्वी बिल तीन-तीन महिने थकत असे आणि कर मात्र दरमहा आमच्या खिशातून जात असे. तो ताण गेला आणि पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत देणे शक्य झाले.

आज आमच्याकडे 140 रक्षक आहेत, त्यांत 23 स्त्रिया. आदर्श नियमांप्रमाणे 15 रक्षकांमागे एक सुपरवायझर आहे आणि प्रत्येकाची नोंदवही, छायाचित्रासह ओळखपत्र व पडताळणी अहवाल फाईलमध्ये आहे. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी करावा लागतो. आम्ही तो तीन महिने आधीच तयार ठेवतो. हे काम आता माझी मुलगी पाहते. या वेळी फाईल लावताना तिने मला विचारले की बारा तासांची ड्युटी चालू असलेले आपले दोन पॉइंट या कागदांमध्ये कसे दाखवायचे. ते दोन्ही पॉइंट जुन्या, जवळच्या ग्राहकांचे आहेत आणि भिडेपोटी मी ते चालू ठेवले होते, जादा वेळेचा दुप्पट मोबदला देऊन, पण बारा तासच. त्याच दुपारी तिने दोन्ही ग्राहकांना पत्रे लिहिली आणि मी सही केली. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि त्याप्रमाणे दर मान्य असल्यास पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून नवा करार होईल, अन्यथा महिनाअखेरीस आमचे रक्षक तेथून काढून घेतले जातील. एकाचा होकार आला आहे. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत, आणि तेथील चारही रक्षकांसाठी शिरवळला पर्यायी जागा बघून ठेवल्या आहेत.