जेमिमाची ती मुलाखत

लंचला कोणीतरी आपल्या क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्सची ती जुनी क्लिप लावली, महिला वर्ल्ड कपच्या नवी मुंबईतल्या सेमीफायनलनंतरची, आणि तिने येशूचे आभार मानले तसे शेजारचे काका म्हणाले, "खेळली झकास, पण हे मध्येच कशाला?"

मध्येच? अहो, वर्ल्ड कप चालू असताना एका मॅचला संघाबाहेर बसवलेलं, जवळजवळ रोज रडत होती असं स्वतः सांगितलं तिने, त्यात तीन नंबरला जायचंय हे कळलं पाच मिनिटं आधी, ती तेव्हा अंघोळ करत होती! समोर ऑस्ट्रेलिया, टार्गेट 339. केल्या नाबाद 127, आणि ना फिफ्टीचं सेलिब्रेशन ना सेंच्युरीचं. शेवटी दमल्यावर बायबलमधलं एकच म्हणत होती म्हणे, तू फक्त उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल.

आता धावा पळून तिनेच काढल्या, मान्य. देव धाव घेत नाही. पण डोकं ठिकाणावर कशाने राहिलं हे तीच सांगणार ना, की आपण ठरवायचं?

बाकी मॅचआधी सिद्धिविनायकाला जाऊन आलेल्यांचे फोटो हेच काका ग्रुपवर टाकतात, हात जोडून. तेव्हा कसं काही मध्ये येत नाही?