सहा पट्ट्या आणि भाऊमामा

वेंगुर्ले, सोमवार रात्र

दुपारी गेलेली लाइट आत्ता आली. लॅपटॉप बंद, म्हणून दिवसभर भाऊमामाच्याच मागे लागले. मामाची सगळी नोकरी टॉवर आणि रडारवर गेली, आणि माझा प्रबंध नेमका हवाई वाहतूक नियंत्रकांच्या ताणावर. घरचा नमुना कोण सोडतो!

नासात तयार झालेली, १९८८ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली त्याच्यापुढे ठेवली. पट्ट्या सहा: डोक्यावरचा भार, शरीरावरचा भार, वेळेची घाई, काम कितपत जमलं, कष्ट, वैताग. ऐन गर्दीची शिफ्ट आठवून खुणा कर म्हटलं. डोक्याचा भार त्याने पार टोकाला नेला आणि वैताग जवळजवळ शून्यावर. मी चकित.

"गो, गर्दीत कसलो ताप? ताप मगे सुरू होता, सगळां शांत झाल्यार."

मग रॉबर्ट रोझचा १९७८ चा अभ्यास आठवला. बोस्टन-न्यूयॉर्क भागातले ४१६ नियंत्रक, तीन वर्षं पाठपुरावा. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी रक्त घेऊन कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलं जाणारं संप्रेरक, मोजलं. (मामाला सांगितलं तर म्हणाला, सुई टोचून घेत विमानं सांभाळायची म्हणजे त्याचाच ताण!) गंमत अशी, की कामाच्या भाराबरोबर ज्यांचं कॉर्टिसॉल वाढायचं, तेच कामावर जास्त समाधानी, आणि सहकारीही त्यांनाच जास्त हुशार मानायचे. म्हणजे वाढलेला आकडा पाहून 'बिचारा' म्हणायचं की 'वा'? माझ्या आराखड्यात तर सरळ लिहिलंय, कॉर्टिसॉल जास्त म्हणजे ताण जास्त. ते खोडायला हवं. झोप, ब्लडप्रेशर, घरी आल्यावरची चिडचिड हे शिफ्टनंतरचं वेगळं मोजायचं. मामीला विचारलं असतं तर हे आधीच कळलं असतं. रात्रपाळीनंतर दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

शेवटी मामाने कागद उलटापालटा केला आणि विचारलं, "हय नाव कित्याक?"

बरोबर आहे त्याचं. नियंत्रकाला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी पास व्हावी लागते, नाहीतर पोझिशनवर, म्हणजे विमानं सांभाळायच्या जागेवर, बसता येत नाही. 'झोप लागत नाही' असं स्वतःच्या नावाखाली कोण लिहून देईल? नावाचा रकाना आजच काढला. वयाचाही काढावा का, हे उद्या सरांना फोन करून विचारते. लहान विमानतळावर माणसं इतकी कमी, की वयावरूनही माणूस ओळखता येतो.