घामाचं काय करता?

“सायकलने येता, मग घामाचं काय करता?” ऑफिसातली नवी मुलगी असो, लग्नात भेटलेली लांबची नणंद असो की फेरीबोटीत शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस, प्रश्न हाच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

घाम येतो. गोव्यात तो पंख्याखाली बसूनही येतो. सायकल चालत असते तोवर वारा लागतो म्हणून कळत नाही. थांबलं की पाठीवरून धारा लागतात. म्हणून पोचल्या पोचल्या कपडे बदलायचे नाहीत. या घाईत मी सुरुवातीला रोज दोन-दोन कुडते भिजवले. आता दहा मिनिटं नुसती पंख्याखाली बसते, पाणी पिते, ओल्या पंचाने अंग पुसते आणि मग कोरडा कुडता. पाठीवर सॅक तर नकोच, सामान कॅरिअरला बांधा.

पण अर्धा घाम घाईचा असतो. मी चोडण बेटावरची. सायकल ढकलत फेरीबोटीत चढवायची, रायबंदरला उतरायचं आणि पुढे पणजी. पूर्वी बोट चुकेल म्हणून धक्क्यापर्यंत जीव खाऊन पायडल मारायचे आणि बोटीत घामाने निथळत उभी राहायचे. बोट चुकली तर दुसरी येते, हे समजायला मला एक उन्हाळा लागला.

पोदेराकडे, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याकडे बघा. मागे पावाची टोपली, वर निळं प्लास्टिक, हाताशी पों-पों भोंगा, आणि वेग असा की कुत्र्यांनाही मागे लागावंसं वाटत नाही. ताठ बसून सावकाश जातो. त्याची सायकलही नीट बघा: दोन्ही चाकांना मडगार्ड, चेनला कव्हर, भक्कम कॅरिअर. मी आधी गिअरची, बारीक टायरांची घेतली. “एकदम स्पोर्टी,” म्हणाला दुकानदार. पहिल्याच पावसात पाठीवर लाल चिखलाचा पट्टा उमटला आणि ओढणी चेनमध्ये गेली. शेवटी मडगार्ड नि चेनकव्हर वेगळे बसवून घेतले.

रायबंदर ते पणजी रस्ता बांधावरून जातो. हा बांध, म्हणजे पोंत द लिन्यारिश, पोर्तुगिजांनी 1633-34 साली बांधला. तीन किलोमीटरांहून थोडा जास्त, सपाट, बाजूला मिठागरं नि कांदळवन. सायकलवाल्यांच्या नशिबानेच बांधला म्हणायचा. पावसाळ्यात सकाळी वारा तोंडावर येतो, तेव्हा त्याच्याशी भांडू नका, हलक्या गिअरवर या. संध्याकाळी तोच पाठीशी असतो. पर्वरीहून येणाऱ्यांनी मांडवीवरच्या अटल सेतूचा विचार करू नये, तिथे दुचाक्यांना बंदी आहे. आणि परतीची चढण आहेच, ती उतरून चालत चढण्यात कमीपणा नाही.

रहदारीत मला दोघांची भीती वाटते. एक, थांब्यावर उभी असलेली बस: तिच्या डावीकडून कधीच घुसू नका, उतरणारी माणसं थेट तुमच्या हँडलवर येतात. दुसरी, काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची गाडी. ती भाड्याची, चालवणारा पाहुणा, आणि त्याचे डोळे मोबाईलच्या नकाशावर. तिला पुढे जाऊ द्या. उभ्या गाड्यांपासूनही अख्खं दार उघडेल एवढं अंतर ठेवा.

पावसाचं विचाराल तर रेनकोट घालून मी बाहेरून कोरडी आणि आतून ओली होते. त्यापेक्षा भिजलेलं बरं, सुके कपडे दुहेरी प्लास्टिकमध्ये, पायात रबरी चपला. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, आधीपासून हलका दाबत या. टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवा. घरी आल्यावर चेन पुसून दाट तेल द्या. शिवणयंत्राचं पातळ तेल एका सरीत धुऊन जातं आणि खाऱ्या हवेत गंज रात्रभरात चढतो. मागचा लाल दिवा पावसात दिवसाही लावा.

घामाचं निभावलं. निभलं नाही ते केसांचं. हेल्मेटखाली अबोलीची फाती, म्हणजे गजरा, टिकत नाही, म्हणून शुक्रवारी ती ओल्या रुमालात गुंडाळून डब्यातून नेते आणि पंख्याखालची दहा मिनिटं संपली की माळते.