खाणीतला ओढा मोकळा करताना

वाघोलीच्या पुढे नगर रस्ता सोडून आत वळलं की दगडखाणी आणि क्रशर सुरू होतात. त्यातल्या एका खाणीवर मी सिव्हिलची कामं बघते. मालकांनी ओढ्याचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा ओढा दिसतच नव्हता. काळा पाषाण काढण्याआधी वरचा मुरूम आणि माती खरवडावी लागते. ती वर्षानुवर्षं सोयीची जागा म्हणून ओढ्याच्या पात्रातच ढकलली गेली होती. डंपरच्या रस्त्याखाली ६०० मिमीचा एकच ह्यूम पाईप (सिमेंट काँक्रीटचा नळ) होता. त्याच्या पुढे जुनं सिमेंटचं गटार, पण खालची माती वाहून गेल्याने अधांतरी लोंबणारं.

पावसाळ्यात वरचं पाणी ढिगाऱ्यातून वाट फोडत खालच्या कांद्याच्या वावरात उतरायचं. तिथले आजोबा पहिल्याच भेटीत म्हणाले, "ताई, पाणी येऊ द्या, ते आमचंच हाय. मुरूम तेवढा धाडू नका." मला जे काम करायचं होतं ते यात सगळं आलं.

आधी ओढा होता कुठे, हे शोधायचं होतं. गाव नकाशावर त्याची रेघ मिळाली. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, त्यात झाडांची वाकडी ओळ दिसली. दोन्ही जुळवून जागेवर चुन्याने आखणी केली. ओढा खाणपट्ट्याच्या हद्दीतून गेला म्हणून तो मालकाचा होत नाही. त्यामुळे तहसीलला अर्ज, तलाठ्यांबरोबर पाहणी, हे सगळं रीतसर केलं. कागदांचा भाग कंटाळवाणा होता, पण अडला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी: मुरूमही गौण खनिजच आहे. पात्रातून काढलेला मुरूम हद्दीबाहेर न्यायचा तर रॉयल्टी आणि वाहतूक पास लागतो. म्हणून तो सगळा आतच जिरवायचा असं ठरवलं.

मग हिशोब. खाणीच्या वरच्या अंगाला सुमारे १४ हेक्टरचा माळ आहे, त्याचं पाणी इथेच येतं. तासाला ८० मिमीच्या वेगाने पाऊस पडला आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून आलं असं धरलं, तर सेकंदाला जवळजवळ १.९ घनमीटर पाणी येतं. शंभराला एक उतारावरचा ६०० मिमीचा पाईप भरून वाहिला तरी ०.६ घनमीटरच नेतो. म्हणजे तीन हिश्शांतलं दोन हिस्से पाणी रस्त्यावरून जाणार, हे पाईप टाकला त्याच दिवशी ठरलेलं होतं. पुण्याच्या वार्षिक सरासरीकडे बघून "आपल्याकडे कुठे एवढा पाऊस?" असं म्हणणारे बरेच भेटतात. चर वर्षाच्या पावसासाठी बांधायचा नसतो, वळवाच्या त्या अर्ध्या तासासाठी बांधायचा असतो.

मालकांना पाईपच्या जागी फरशी पूल, म्हणजे पुराचं पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल, नको होता. भर पावसात डंपर थांबतील, ही त्यांची काळजी. मी त्यांना २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आठवून दिली. पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा त्यांच्या नातेवाइकांच्या सोसायटीत पाणी शिरलं होतं, त्यामुळे अरुंद केलेला ओढा काय करतो हे समजावावं लागलं नाही. शिवाय पाईप तुंबून रस्ता वाहून गेला की डंपर कितीतरी जास्त वेळ थांबायचेच. फरशी पूल मंजूर झाला.

खाली मुरूम येतोय म्हणून खालीच भिंत घाला, असा सल्ला जवळजवळ प्रत्येकाने दिला. मला तो पटला नाही. वरून जोर घेऊन आलेलं पाणी भिंतीला वळसा घालतं आणि बगल खातं. आम्ही माळावरून सुरुवात केली. तिथे सलग समतल चर काढले, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर. खाणीच्या काठापासून मागे, माळाच्या बाजूला, काठाला समांतर असा चर (गारलँड ड्रेन) खोदला, म्हणजे माळाचं पाणी खाणीच्या कड्यावरून न कोसळता वळून ओढ्यात यावं. त्यानंतरच पोकलेन पात्रात उतरवला.

नवं पात्र तळाशी १ मीटर रुंद आणि १ उभं, २ आडवं अशा पसरट काठांचं. शंभराला एक उतारावर ६० सेंटिमीटर खोलीने वाहिलं की ते हिशोबातलं पाणी बसतं, त्याच्यावर ३० सेंटिमीटर मोकळं ठेवलं. त्या खोलीला वेग सेकंदाला १.४ मीटरच्या आसपास येतो. उघडा मुरूम तो सोसत नाही, म्हणून दगडी पिचिंग केलं, म्हणजे तळ आणि काठ दगड रचून झाकले. पिचिंगच्या खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) आणि बारीक खडीचा थर हवाच, नाहीतर दगडांच्या फटींतून खालची माती निघून जाते आणि वर सगळं ठीक दिसत असताना पात्र आतून पोकळ होतं. दगड निवडताना मांजऱ्या जातीचा दगड बाजूला काढला. तो ठिसूळ निघतो, पाण्यात आणि उन्हात झिजतो. काळा पाषाण आमच्या घरचाच, कमी नव्हता.

मधे एक टप्पा शंभराला चार उताराचा आहे. तिथे ६० सेंटिमीटर उंचीचे अनघड दगडी बांध दर १५ मीटरवर घातले, म्हणजे खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी समपातळीत येतो. बांध मधे खोलगट ठेवायचा आणि दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर घुसवायची. गवंड्याला माथा सरळ रेषेत हवा होता, दिसायला छान म्हणून! दोरी लावून मधला खोलगटपणा दाखवला तेव्हा कुठे तो तयार झाला.

ढिगाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. उभे उतार कापून १ला २ केले, मधे आत झुकलेल्या पायऱ्या ठेवल्या, वर मातीचा पातळ थर दिला. रोहिणी लागायच्या आत हे आटोपायचं होतं. उतारावर काथ्याची जाळी अंथरली, समपातळीत वाळ्याचे ठोंब लावले आणि मधल्या पट्ट्यांत पवना आणि मारवेल ही गवतं पेरली. वाळ्याची मुळं खोल सरळ जातात, आडवी पसरत नाहीत. सिमेंटच्या गटारापेक्षा माझा भरवसा या गवतावर जास्त आहे, कारण जमीन जराशी खचली तरी ते तुटत नाही.

फरशी पुलाच्या खालच्या बाजूला गाळाचा हौद घेतला. तो रुंदीच्या तिप्पट लांब असून पाणी एका टोकाने आत येतं आणि दुसऱ्या टोकाच्या दगडी सांडव्यावरून जातं. अर्धा भरला की उपसायचा, हा नियम फलकावर लिहून ठेवला.

मृगात पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा फरशी पुलावरून गुडघाभर पाणी गेलं, डंपर तासभर थांबले आणि पाणी ओसरल्यावर चालू लागले. मुरूम हौदात अडकला. उपसलेला मुरूम आतल्या रस्त्यांनाच वापरला.

तरी पाणी लालसर जातं. खाणीच्या भिंतीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा आहे, दख्खनच्या दगडात असे पट्टे सापडतात. त्यातली चिकणमाती इतकी बारीक असते की एवढ्याशा हौदात बसायला तिला वेळच मिळत नाही. दक्षिणेकडच्या उतारावरचा वाळाही उन्हाळ्यात विरळ झाला, तिथे टँकर लावून पुन्हा ठोंब लावावे लागले.

लाल पाण्यासाठी हौदाच्या पुढे गवताचा रुंद पट्टा हवा होता आणि त्याची जागा आजोबांच्या वावरात येत होती. त्यांनी दिली. पट्ट्यातलं मारवेल कापून ते गुरांना घालतात. ठोंब उपटायचे नाहीत, बुडापासून चार बोटं सोडून कापायचं, एवढंच त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे.